दादाच्या हातचा ट्रिगर

दादाने बंदूक तिच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "चिमटे, बघ गं जरा. ट्रिगर जड झालाय."

धाकट्या बहिणीला घरात सगळे चिमटीच म्हणत, कारण लहानपणापासून तिच्या हातात कसला ना कसला चिमटा असायचाच. घड्याळं, रेडिओ, शेजाऱ्यांचं शिलाई मशीन, तिने काही म्हणून सोडलं नव्हतं. आता ती पेंटबॉलच्या मैदानाला लागून असलेल्या कारखान्यात कामाला होती. कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांबोडकी खोली, एक लेथ, एक ड्रिल मशीन आणि भिंतीला टांगलेल्या बंदुका. रंगाच्या गोळ्या मारणाऱ्या त्या बंदुका ती दुरुस्त करायची आणि मालकांनी मोकळीक दिली की त्यांचे नवे भागही बनवायची. मैदानावरच्या सगळ्यात जुन्या संघाचा कप्तान तिचा दादा होता. त्याची दोन बोटं ट्रिगरवर अशी नाचत, की नवखे खेळाडू खेळ विसरून त्याच्या हाताकडे बघत राहत आणि गोळी खात.

किती जोर लागतो ते मोजायला तिने ट्रिगरला ताणकाटा अडकवून ओढला. काटा नेहमीच्याच जागी आला. पुन्हा ओढला, तरी तेच.

"आहे तसाच आहे रे."

"तुझा काटा बिघडलाय."

काटा बिघडला नव्हता. पण दादा उजवा हात खिशात घालून उभा होता आणि त्याचा चेहरा काही वेगळाच दिसत होता. ती म्हणाली, "बरं, बघते."

खरं सांगायचं तर तिला ते काम हवंच होतं. असा ट्रिगर कधीपासून तिच्या डोक्यात घोळत होता. जुना पोलादी होता. त्याला जोर लागायचा तो मागच्या स्प्रिंगमुळे, आणि वेळ जायचा तो गोळी सुटेपर्यंत त्याला कापाव्या लागणाऱ्या अंतरामुळे. तिने ॲल्युमिनियमचा तुकडा घेतला, भोकं पाडून तो अर्धा पोकळ केला. ज्या खिळीवर ट्रिगर फिरतो तिथे बारीक बेअरिंग बसवलं आणि आतला स्विच पुढे सरकवला. पहिला तुकडा भोकं पाडताना चिरला. दुसरा इतका ढिला झाला की मालक म्हणाले, "हा ट्रिगर आहे की हलणारा दात?" तिसरा मात्र जमला. बोट जेमतेम हललं की गोळी सुटायची.

दादाने चार-पाच गोळ्या पत्र्यावर मारल्या आणि हसला. "हात परत आला बघ माझा," तो म्हणाला.

ते वाक्य तिला खटकलं. पण तो इतका खुशीत होता, की तिने हत्यारं आवरायला घेतली.

त्यानंतरचे सामने त्याच्या संघाने एकामागून एक मारले. मालकांकडे लोक विचारायला लागले, कप्तानाच्या बंदुकीत असं काय आहे? ती दादाच्या घरी गेली की तो सगळ्यांसमोर तिची तारीफ करायचा. एकदा जेवण झाल्यावर वहिनीने तिला स्वयंपाकघरात गाठलं.

"यांच्या हाताला काय झालंय गं? काल कुलूप उघडायला मला हाक मारली. शर्टाची बटणंसुद्धा डाव्या हाताने लावतात."

बाहेरून दादा ओरडला, "कुलूप गंजलंय म्हणून सांगितलं ना तुला!"

मग तो तिला दारापर्यंत सोडायला आला. "तुझ्या वहिनीला काही बोलू नकोस. अंतिम सामना होऊ दे, मग दाखवतो डॉक्टरला. आणि चिमटे, तो ट्रिगर अजून थोडा हलका कर."

तिने मान हलवली. घरी जाताना रस्ताभर ती स्वतःला समजावत राहिली, की वय वाढतंय, हात दुखत असेल, त्यात एवढं काय.

या वेळी तिने स्प्रिंगच काढून टाकली. तिच्या जागी मुगाच्या दाण्याएवढी दोन चुंबकं बसवली. एकमेकांना ढकलून ती ट्रिगर जेमतेम जागेवर धरून ठेवत. बोट नुसतं टेकलं की गोळी जायची. तिने बंदुकीच्या दस्त्यावर रबरी हातोडीने ठोकून पाहिलं. दोनदा काही झालं नाही, तिसऱ्यांदा गोळी सुटली आणि समोरच्या भिंतीवर फुटली.

"हा धक्क्यानेही उडतो," ती दादाला म्हणाली. "मैदानाबाहेर आलास की आधी नळीवर टोपण. विसरायचं नाही."

"हो गं आई," तो म्हणाला.

अंतिम सामन्यात पहिला डाव त्यांनी जिंकला. खेळाडू धापा टाकत तंबूत आले. चिमटी पाण्याच्या बाटल्या वाटत होती. संघात एक उंचच उंच गडी होता. आडोशामागे लपायला त्याला मान दुमडून बसावं लागे, म्हणून त्याला उंट म्हणत. त्याने मुखवटा काढून बाकावर ठेवला आणि घाम पुसायला लागला. तेवढ्यात दादा आत आला. नळीवरचं टोपण दोरीला तसंच लोंबत होतं. ते चढवून बांधायचं तर रबरी दोरी ताणावी लागते, आणि त्याला ती ताणता येईना. बंदूक काखेत धरून तो दोरीशी झटत होता.

गोळी सुटली. उंट चेहरा धरून खाली बसला. त्याच्या बोटांमधून निळा रंग ओघळला आणि मग त्यात लाल मिसळला.

ती आधी धावली. त्याचा हात बाजूला करून तिने ओल्या फडक्याने पुसलं. डोळा शाबूत होता. गोळी त्याच्या खाली, गालाच्या हाडावर बसली होती. बोटभर वर लागली असती तर... तिने फडकं त्याच्या गालावर घट्ट दाबून धरलं.

पंच आत आले. "टोपण का नव्हतं? बोट ट्रिगरवर होतं का तुमचं?"

दादाने आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. हात जणू दुसऱ्याचाच असावा, तसा तो बराच वेळ बघत राहिला.

"माहीत नाही," तो म्हणाला. "होतं की नव्हतं, मलाच कळलं नाही."

पंचांनी बंदूक काढून घेतली आणि सामना तिथेच थांबवला.

त्याच आठवड्यात वहिनी त्याला डॉक्टरकडे घेऊन गेली. नसांचं दुखणं निघालं. अंगठ्याजवळचं मांस झिजून तिथे खळगा पडला होता. आता मनगट, मग दंड, आणि पुढे कुठवर जाईल ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. आधी आला असता तरी फार फरक पडला नसता, असंही म्हणाले. वहिनीला ते पटलं नाही.

"तुला कळत होतं," ती चिमटीला म्हणाली. ती ओरडली नाही. "मी तुला विचारलं होतं, माझ्या स्वयंपाकघरात. तू ट्रिगर हलका करत बसलीस."

डॉक्टरांचं म्हणणं पुढे करून सुटता आलं असतं, पण चिमटीला ते करवलं नाही.

उंट सुजलेला गाल घेऊन दादाला भेटून गेला. "माझ्या थोबाडाचं आणखी काय वाईट होणार होतं कप्तान?" असं म्हणाला. दादा हसला नाही. नुसता "माफ कर रे" म्हणाला आणि भिंतीकडे बघत बसला.

मालकांना ट्रिगर सोडायचा नव्हता. "धक्क्याने उडणार नाही असा कर. लोक रांग लावतील," ते म्हणाले. तिने चुंबकं थोडी जवळ बसवली आणि आत धक्का अडवणारी एक छोटी कडी घातली. ट्रिगर आधीपेक्षा किंचित जड झाला, पण भरवशाचा झाला. खरंच रांग लागली. मालकांनी त्याला दादाचं नाव द्यायचं ठरवलं तेव्हा दादाने निरोप धाडला, "नको म्हणावं."

काही महिन्यांनी एका दुपारी तो स्वतःच कारखान्यात आला. मालकांनी खुर्ची दिली. तो बसला नाही. भिंतीवरची एक नवी बंदूक त्याने डाव्या हाताने काढली आणि उजव्यात धरायला बघितली. तिने पुढे होऊन खालून आधार दिला. त्याने तर्जनी ट्रिगरवर ठेवली. ट्रिगर हलला नाही. मग मधलं बोट ठेवलं, मग दोन्ही. मनगटाची शीर ताणली गेली, कपाळावर घाम आला. ट्रिगर आपल्या जागी तसाच होता. मालक उगाच लेथकडे वळले.

"छान झालाय," दादा म्हणाला. "हलका आहे."

"हो," ती म्हणाली आणि बंदूक त्याच्या हातातून अलगद काढून घेतली.

ती त्याला घरी सोडायला निघाली. मैदानावर सराव चालला होता. तिथून जाताना त्याने मान वळवली नाही. दोघं गाडीत बसली. मग दादा हात मांडीवर ठेवून, समोर बघत म्हणाला, "चिमटे, पट्टा तेवढा लाव गं. मला नाही जमत."

आजवर त्याने हे कोणालाच म्हटलं नव्हतं. ती वाकली, पट्टा ओढून लावला आणि त्याला आपलं रडू दिसू नये म्हणून बराच वेळ आरसा नीट करत राहिली.