हुजुरांची नौबत आणि मेलूरचा निकाह

या, जरा सरकून जवळ बसा. मागच्यांनीही पुढं या, नदीचा वारा शब्द उडवून नेतो. आमचे इमामसाहेब प्रवचन गाऊन सांगतात तेव्हा मी मशिदीच्या खांबाला टेकून लहान मुलासारखा ऐकत बसतो. तो गळा माझ्याजवळ नाही. पण अल्लाहनं सनईपुरता श्वास दिलाय, त्यातलाच थोडा खर्चून एका माणसाची गोष्ट सांगतो.

त्या सकाळी माझा चुलतभाऊ अलंगदादा शाही कबरस्तानात पाहुण्यांना फिरवत होता. जुना लाकडी राजवाडा, मशीद आणि शेवटी कबरी, हा त्याचा रोजचा फेरा. पिवळं कापड गुंडाळलेल्या एका दगडापाशी थांबून तो सांगत होता, "हे आमचे लंगडे हुजूर. हत्तीवरून पडले. पण मरेपर्यंत म्हणत राहिले, मी नाही, हत्तीच घसरला."

पाहुण्यांतली एक बाई हसली. "आणि काका, ती कडेची मोकळी जागा कुणाची?"

"असं विचारू नये बाई. मोकळी आहे तोवर आपलं नशीब थोर."

तेवढ्यात मी धावत फाटकातून आत शिरलो. सुलतान वारले असं आम्ही तोंडानं म्हणत नाही. मी एवढंच म्हटलं, "दादा, चल. नगारे बाहेर काढायचेत."

त्यानं डोक्यावरची काळी टोपी सारखी केली. पाहुण्यांची माफी मागितली आणि माझ्या पुढं चालू लागला.

हुजुरांना माती देईपर्यंत नेमल्या वेळांना नौबत वाजलीच पाहिजे. नव्या हुजुरांच्या नावानं ती वाजत नाही तोवर ते गादीवर बसले असं कुणी मानत नाही. आणि वाजवणारे आमच्याच रक्ताचे लागतात. एके काळी आमचं घराणं नौबतखान्यात मावत नसे. आता चौघंच उरलो होतो. मी सनईवर, एक कर्ण्यावर, एक लहान ढोलावर आणि मोठ्या नगाऱ्यावर अलंगदादा. त्याला मुलगा नाही. एकुलती एक लेक, मेलूर. आणि त्याच संध्याकाळी नदीपलीकडच्या मशिदीत तिचा निकाह ठरलेला.

दुखवटा लागला म्हणजे मांडव, जेवणावळ, वरात सगळं बंद. निकाहही पुढं ढकलला असता, पण नवरदेव झुबीर जहाजावर नोकरीला. पहाटे त्याला बंदर गाठायचं होतं, मग वर्षभर नुसतं पाणी. निकाहात मुलगी द्यायची ती बापानं. मेलूरची आई लवकर गेली, तेव्हापासून दादा तिला म्हणायचा, "तुला देणार ते मी. दुसऱ्या कुणाला पुढं होऊ देणार नाही."

दुपारी मेलूर नौबतखान्याच्या पायऱ्यांशी आली. बोटं मेंदीनं रंगलेली, अंगावर घरातलेच कपडे.

"बाबा, अर्ध्या तासाचं तर काम. होडीनं या, होडीनं जा."

"मधे नौबतीची वेळ येते, पोरी."

"येओपकाका वाजवतील की नगारा!" तिनं माझं नाव पुढं केलं.

"आणि सनई कोण वाजवणार, तुझी सासू?" मी म्हणालो. 

मेलूरनं माझ्याकडे पाहिलंही नाही. "हुजुरांना चार मुलगे आहेत बाबा. मला बाप एकच आहे."

दादानं नगाऱ्याची वादी ओढून घट्ट केली. मग म्हणाला, "त्या चौघांपैकी एकालाही नगारा येत नाही, बाळा. जा, इमामसाहेबांना पाठवून दे."

बापाला येणं जमत नसेल तर तो आपला हक्क इमामाच्या हाती सोपवू शकतो. इमामसाहेब आले. दादानं हात धुतले आणि त्यांचा हात धरला. "माझी मुलगी मेलूर, तिचा निकाह लावायचा माझा हक्क मी तुम्हाला सोपवतो." वाक्य एवढंच, पण दोनदा म्हणावं लागलं. पहिल्या खेपेला तो तिच्या नावापाशीच थांबला. मेलूर खाली उभी होती. एरवी घराबाहेर पडतानाही बापाचा हात चुंबून सलाम करणारी पोर, ती त्या दिवशी तशीच होडीकडे निघून गेली.

संध्याकाळचं मला इमामसाहेबांनी सांगितलं. निकाहाआधीचं प्रवचन, खुतबा, संपला, त्यांनी झुबीरचा हात हातात घेतला आणि या काठावरून नगारा सुरू झाला. नौबत चालू असताना आमच्यात कुणी बोलत नाही. सगळी मशीद खाली मान घालून बसून राहिली. झुबीरचा हात घामानं भिजला, पण इमामसाहेबांनी सोडला नाही. शेवटचा ठोका विरला तेव्हा ते म्हणाले, "मुलीचे वडील येऊन गेले. आता लावू या."

मेलूर पडद्याआड होती. तिनंही तिथं नौबत ऐकलीच असेल.

दुसऱ्या दिवशी हुजुरांना नेलं. झुबीर पहाटेच गेलेला. रस्त्याच्या दोन्ही कडांना माणसं, टोप्यांवर दुखवट्याची पांढरी पट्टी. एकाच्या पाठीवर नगारा बांधलेला आणि मागून दादा वाजवत चाललेला. त्याच्या शेजारी मी. वाजवणाऱ्याला मान वळवायची नसते.

कबरस्तानाच्या वळणावर गर्दीतून मेलूर बाहेर आली. दोन पावलं आमच्याबरोबर चालली. दादाचे दोन्ही हात टिपऱ्यांत गुंतलेले, तिला हात मिळेना. तेव्हा तिनं वाकून त्याच्या कोपराला कपाळ टेकवलं.

एक ठोका चुकला.

मी सनईचा सूर होता तिथंच धरून ठेवला, गाल फाटेस्तोवर, टिपरी पुन्हा पडेपर्यंत. पुढं नवे हुजूर चालत होते, मानकरी चालत होते. कुणीही मागं वळून पाहिलं नाही.

अलंगदादाही आता गेला. त्याला मातीत ठेवताना काही वाजलं नाही. आमच्यासारख्यांसाठी वाजवायचा रिवाज नाही आणि त्याला ते रुचलंही नसतं. म्हणून तुमच्याकडे एवढंच मागतो. दुआला हात उचलाल तेव्हा आपल्या माणसांच्या नावांमागून त्याचंही नाव घ्या. अलंग. मेलूरचा बाप.