मंजिरीचं परकेपण

मंजिरीचे पूर्वज कोकणातून मॉरिशसला उसाच्या मळ्यांवर गेले आणि तिथलेच झाले. तिथे लोक तिला मराठीच म्हणत. त्यामुळे तिथल्या हॉटेलात नोकरी करणाऱ्या, ग्वाल्हेरच्या मराठी घरातल्या युवराजशी लग्न करून ती त्याच्या घरी निघाली, तेव्हा आई म्हणाली, "परक्यांत थोडीच चालली आहेस?"

इथे आल्यावर तिला थंडी बाधली, धुकं बाधलं, पण सगळ्यात जास्त बाधली ती भाषा. सासरी वाक्य मराठीत सुरू व्हायचं आणि हिंदीत संपायचं. तिची शाळेत शिकलेली मराठी ऐकून नणंद गरिमा खिदळायची, "वहिनी, 'मला पाणी हवे आहे' काय! सीधा बोल ना, पानी दे दो!" हसण्यात वाईट काही नव्हतं, पण मंजिरी हळूहळू बोलेनाशी झाली. आईशी फोनवर क्रिओलमध्ये, मॉरिशसच्या बोलीत बोलताना कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून ती न्हाणीघरात नळ सोडून ठेवी.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला शेजारच्या अपर्णाकाकू कौतुकानं म्हणाल्या, "हिला काय जड जाणार? आपलीच तर आहे!"

"जातं," मंजिरी म्हणाली. "फार जड जातं."

बायका एकमेकींकडे पाहू लागल्या.

पाहुण्या गेल्यावर सासूबाईंचा, विजयाबाईंचा आवाज चढला. "चारचौघींत असं बोलायचं? काय कमी केलं आम्ही तुला?"

"काहीच नाही, आई. पण मी दुसऱ्या देशातून आले आहे, हे इथे कुणी मानतच नाही. आपली, आपली म्हणता, मग मी रडू कुठे?"

युवराज चाचरत म्हणाला, "दोन-तीन महिने माहेरी जाऊन ये. तिकीट काढू?"

तिचा जीव क्षणभर समुद्राकडे धावला. मग तिनं नकारार्थी मान हलवली. "आत्ता गेले तर परत येणार नाही. मला इथे राहायचंय. पण लपून नाही."

दुसऱ्या दिवशी ती एकटीच दाल बाजारात गेली. दुकानदार तिच्या बोलण्यावर हसला, तरी तूर नीट पारखून घेतल्याशिवाय ती हलली नाही. पडाव भागात सासरच्यांचं हॉटेल होतं; पुढच्या सोमवारपासून ती तिथे बसू लागली. किल्ला बघायला आलेल्या फ्रेंच पाहुण्यांशी ती मॉरिशसमध्ये शिकलेल्या फ्रेंचमध्ये घडाघडा बोलायची, हिंदी गिऱ्हाईकांशी अडखळत. चुकली की पुन्हा म्हणायची. गरिमा हसली, तर "आता बरोबर काय ते सांग" म्हणून तिलाच धरून बसवायची.

आईचा फोन ती आता ओसरीवर बसून घेते. कधी हसते, कधी रडतेही. परवा ती रडत असताना विजयाबाई बाहेर आल्या. तिच्या खांद्यावर शाल टाकून शेजारी मटार सोलत बसल्या. बोलणं थांबवावं असं मंजिरीला वाटलं नाही. ती क्रिओलमध्ये आईला सांगत राहिली की इथे अजून करमत नाही, पण ती राहणार आहे.