कड्याखालचा दगड

दगडखाणीत लोडर चालवणारी बाई ती एकटीच. धाकटा दीर तिथेच डंपरवर होता. तो वहिनी म्हणायचा म्हणून सगळेच तिला वहिनी म्हणू लागले. एका लग्नात खाणभर दीर पदरात पडले, अशी ती थट्टा करायची.

त्या सकाळी सुरुंग उडाल्यावर कड्याचा वरचा भाग पुढे झुकून तसाच राहिला. त्याच्या पायथ्याशी छान फुटलेला दगड पडला होता आणि मॅनेजरला नेमका तोच हवा होता. वहिनीने लोडर लांबच थांबवला. आधी वरचं पाडा, मग भरते, म्हणाली. पायथा उपसला की वरचं अंगावर येणार, हे कळायला डोळे पुरतात.

बाईच्या हातात मशीन दिलं की असंच होतं, असं मॅनेजर सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाला. मग त्याने तिच्या दिराला हाक मारली. लोडर त्याला तिनेच शिकवला होता, आणि लोडरची जागा मिळावी म्हणून तो कधीचा देव पाण्यात घालून बसला होता.

एरवी वहिनी नोकरीवर लाथ मारून घरी गेली असती. पण ती उतरली की हा चढणार. तिने केबिनचं दार आतून लावून घेतलं.

दीर शिडी चढून काचेपाशी आला. "वहिनी, दोन फेऱ्यांचं तर काम आहे. मला करू दे."

"आणि घरी आईंना काय सांगू? दोन फेऱ्यांचंच काम होतं म्हणून?"

मॅनेजरचं डोकं फिरलं. तो तरातरा चालत कड्याखाली गेला आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला. काही पडतंय का बघा, आता या म्हणाला.

सगळ्यांच्या नजरा वहिनीकडे वळल्या. ती घाबरली होती आणि ते लपवायची तिला मुळीच गरज वाटली नाही. "राहा उभे हवं तेवढं," ती खिडकीतून म्हणाली. "मी भरणार नाही." तिने इंजिन बंद केलं. तमाशा बघायला डंपरवाल्यांनी आपली इंजिनं आधीच बंद केली होती. खाण गप्प झाली, आणि कड्यावरून बारीक खडी घरंगळल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. मॅनेजरलाही. त्याने वर पाहिलं आणि धूम ठोकली.

धापा टाकत लोडरपाशी येऊन त्याने दिराला बजावलं, दार उघडायला लाव आणि बस.

दीर शिडीवरून खाली उतरला. "साहेब, तुम्ही स्वतः पळून आलात," तो म्हणाला, "आणि आता मला पाठवताय?"

मॅनेजरने वरचं पाडायला सुरुंगवाल्यांना बोलावणं धाडलं, आणि जाता जाता वहिनीला उद्यापासून येऊ नका म्हणून सुनावलं.

"येणार," वहिनी म्हणाली. "पाडलेला दगड मीच भरणार."