काडी कुठं फिरवायची
टण्णकन झाकण पडलं आणि स्थलांतरितांच्या निवाऱ्यातली दुपारची शांतता मोडली. चादरीच्या पडद्याआड डायेर्लिन दचकली. नाकात मऊ ब्रशाची लांबलचक काडी, डोळ्यांत पाणी, आणि समोर पडदा सारून उभी निनोस्का मावशी. आरेपाच्या, म्हणजे मक्याच्या भाकरीच्या, तव्यावरचं झाकण तिच्याच हातून निसटलं होतं.

"अगं बाई! हे काय चालवलंयस?"

"तपासणी. नर्सबाई म्हणाल्या, आत घालून पाच वेळा फिरवायची."

"नाकात?"

"मग कुठं?"

तिची तरी काय चूक? वेनेझुएलातून निघाल्यापासून कोविडच्या साथीच्या नावाखाली प्रत्येक चौकीवर कुणी ना कुणी नाकातच काडी खुपसली होती. त्यात सकाळी नर्सबाई समजावत होत्या तेव्हा तिच्या सहा वर्षांच्या लेकीनं, आरान्सानं, मांडीवर भोकाड पसरलेलं. अर्धं कानात गेलं, अर्धं रडण्यात वाहून गेलं.

मावशी पोट धरून हसायला लागली. "पोरी, गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरची तपासणी ती! तुझं गर्भाशय काय भुवयांमागं आहे?"

डायेर्लिनलाही हसू फुटलं. मग तिनं हातातल्या काडीकडं पाहिलं. प्रत्येक बाईला काडी एकच, आणि नर्सबाईंची गाडी आता निघणार. तिची आई याच आजारानं बेचाळिसाव्या वर्षी गेली होती.

"राहू दे मावशी. कुठल्या तोंडानं दुसरी मागू?"

"आहे त्याच तोंडानं माग. नाकानं मागू नकोस म्हणजे झालं!" म्हणत मावशीनं तिला दंडाला धरून ओढतच नेलं. मागोमाग आरान्सा.

दुसरी काडी हवीय म्हटल्यावर गाडीत सामान भरणाऱ्या नर्स एर्मिनियाबाईंनी मान वरसुद्धा केली नाही. "नाकात ना? या आठवड्यातली चौथी तू. सरहद्दीवरून आलेल्यांसाठी मी जास्तीच्याच आणते. घे. आणि ही तुम्हाला, हसणाऱ्या बाई."

मावशीचं हसू जागीच विरलं. "माझं दुकान कधीच बंद झालंय हो!"

"बंद दुकानसुद्धा अधूनमधून उघडून बघावं लागतं."

दहा मिनिटांनी दोघींच्या काड्या नळ्यांत बंद होऊन एर्मिनियाबाईंच्या पेटीत गेल्या. "घाबरू नका," त्या म्हणाल्या, "वेळेत कळलं की या आजारानं कुणी मरत नाही."

आरान्सानं आईचा झगा ओढला.

"आई, मग आजीला का नाही दिली कुणी काडी?"