बाटलीत न दिसलेली रेघ

मित्रांनो, मी एक जुनं, दोन आसनांचं विमान आहे. परवा मला भंगारात काढणार आहेत. त्याआधी एक गोष्ट सांगून टाकायची आहे, आणि ऐकून घ्यायला तुमच्याशिवाय मला कुणी नाही.

कारखान्यातून आलो तेव्हा माझा तोरा काय विचारता! माझी देखभाल एक भाऊ करायचा आणि मला उडवायची त्याची धाकटी बहीण. तो तिला चिमणी म्हणायचा. चाकांतली हवा, इंजिनातलं तेल, पंख्याला कुठे टवका उडालाय का, सगळं तो हात फिरवून बघायचा. बघणारे म्हणायचे, "विमान ठेवावं तर असं!" मी मनातल्या मनात फुगून जायचो.

रोज सकाळी तो पंखाखालच्या तोटीतून थोडं पेट्रोल बाटलीत काढायचा. टाकीत पाणी शिरलं असेल तर ते बाटलीत तळाशी बसतं आणि वर पेट्रोल राहतं. मध्ये रेघ दिसते. रेघ दिसली, की पाणी संपेपर्यंत काढून टाकायचं. शिवाय वासही घ्यायचा.

पुढे माझ्या टाक्यांच्या झाकणांचे वायसर चिरले. "पुढच्या आठवड्यात बदलू," असं तो महिनाभर म्हणत राहिला. एका दुपारी त्याने मला पाइपने धुतलं. पाण्याची धार नेमकी झाकणांवर! पाणी आत उतरत होतं, मला कळत होतं, आणि ओरडायला तोंड नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्याने बाटली उजेडात धरली. रेघ नव्हती. असणार कशी? बाटलीत पेट्रोलचा थेंब नव्हता, सगळं पाणीच होतं! बाटली इतकी पिवळी पडलेली, की आत पेट्रोलचा रंग नाही हेही कळेना.

"दादा, वास घेतलास ना?" बहिणीने विचारलं.

सर्दीने त्याचं नाक चोंदलं होतं. "घेतला गं बाई. एकदम स्वच्छ आहे. निघ आता, वारा वाढायच्या आत."

सुरूच होऊ नये म्हणून मी जिवाचा आटापिटा केला. पण इंजिनाकडे जाणाऱ्या नळीत कालचं चांगलं पेट्रोल होतं. झाडांच्या वर गेलो आणि इंजिन बंद पडलं. तिने कसंबसं मला नांगरलेल्या शेतात उतरवलं. माझा पंख मोडला, तिचा पाय तीन ठिकाणी मोडला.

तिला दवाखान्यात नेल्यावर भाऊ एकटाच माझ्याकडे आला. त्याने तोटीखाली तळहात धरला. पेट्रोल हातावर लगेच उडून जातं. हे उडालं नाही. तो ढसाढसा रडला. मग डोळे पुसून त्याने दोन्ही टाक्या रिकाम्या केल्या. चौकशीचे साहेब त्यानंतर आले.

काल ती कुबड्या घेऊन भावासोबत मला भेटायला आली होती. त्याला म्हणाली, "तू जिवाला लावून घेऊ नकोस रे दादा. तुझी काय चूक? विमानच म्हातारं झालं होतं."

तो खाली बघत म्हणाला, "हो गं, चिमणे."

मला दगाबाज म्हणा, भंगारात घाला, माझी तक्रार नाही. पण तिच्यासाठी नवं विमान आलं आहे. त्याच्या पंखाखाली तोच भाऊ तीच पिवळी बाटली धरून उभा आहे, आणि तिचा त्याच्यावर डोळे झाकून विश्वास आहे. मित्रांनो, तुम्हाला तोंड आहे. तुम्ही तरी तिला सांगा!