भारहरण महाराज आणि आजीची टोपली

रामवाडीतल्या मंगल कार्यालयात त्या रविवारी लग्न नव्हतं, पण गर्दी लग्नापेक्षा जास्त होती. चपलांचा ढीग फाटकाबाहेर जाऊन हायवेच्या दिशेने सरकत होता. आत स्टेजवर, जिथे एरवी नवरा-नवरीच्या खुर्च्या मांडतात, तिथे भारहरण महाराज बसले होते. त्यांच्या पुढ्यात एक बाई घमेल्यात डोकं घालून ओणवी झाली होती.

"अधोमुख! अजून अधोमुख!" महाराज माइकवर ओरडले. "पितर वर उडत नसतो, माउली. पितर खाली गळतो!"

सेवेकरी हरेशने बाईच्या केसांवर तांब्याने तीर्थ ओतलं, खसाखसा चोळलं आणि बादलीभर पाण्याने धुतलं. मग महाराजांनी झेंडूच्या माळांनी मढवलेला भला थोरला शंख उचलून तिच्या मानेवर रोखला. त्याच क्षणाला स्पीकरवरचं भजन कान किटतील एवढं मोठं झालं. शंखातून गरम वारा सुटला.

"हा साधा वारा नव्हे! हा मारुतीरायाचा बाप, प्रत्यक्ष वायुदेव! माणसाच्या डोक्यावर लाखभर केस, आणि एकेका केसाला एकेक पितर लोंबकळतो. आता बघा कसे पटापटा पडतात!"

दहा मिनिटांनी बाई उठली. खाली वाकली तेव्हा तिचे केस डोक्याला चिकटलेले होते. वर आली ती पिसं फुगवलेल्या कोंबडीसारखी. सगळा हॉल "अगो बाय!" म्हणून उभा राहिला. "उतरला! भार उतरला!" महाराजांनी जाहीर केलं. उतरला म्हणजे कुठे उतरला, कोणाच्या पायावर पडला, हे विचारायची सोय नव्हती, कारण पुढचा नंबर लागला होता.

तो नंबर भाविकाचा होता. ती स्वतःहून आलेली नव्हती, तिला आईने हाताला धरून आणलं होतं आणि दारातल्या वहीत तिचं गाव, शिक्षण, नोकरी सगळं लिहून दिलं होतं.

भाविकाचे केस जन्मापासून बारीक, त्यात तेलकट. सकाळी न्हाली तरी दुपारच्या डब्यापर्यंत ते डोक्याला चिकटून बसत. कितीही हौसेने पोनी बांधा, व्हायची उंदराची शेपटी. पण डोक्याच्या आत मात्र सगळं भरघोस होतं. धाटावच्या एका कंपनीत ती तीन वर्षं लॅबमध्ये होती. खाडीकाठच्या त्यांच्या गावातून वडखळला यायचं, तिथून कंपनीची बस पकडायची. गावातली लॅबमध्ये काम करणारी ती पहिलीच मुलगी. तिची आई हौसा वीस वर्षं मिठागरावर डोक्यावरच्या टोपलीतून मीठ वाहिलेली बाई. नवरा वारल्यावर तिने याच टोपलीवर पोरीला बीएस्सी केलं.

महाराजांनी आधी हौसाच्या डोक्याला हात लावला. तिचे केस जाड, राठ, काथ्यासारखे. "पुण्यवान आहेस, भार नाही." मग सोबत आलेल्या जनूकाकांकडे वळले. काका, म्हणजे भाविकाच्या बापाचा थोरला भाऊ, पंधरा वर्षांपासून पूर्ण टकले. महाराजांनी हात जोडले. "हा तर मुक्त पुरुष! याचे सगळे पितर केव्हाच सुटले!" आयुष्यात पहिल्यांदा टकलाचं कौतुक झालं, त्यामुळे काका त्या घटकेपासून महाराजांचे झाले. त्यांना पहिल्या रांगेत खुर्ची आणि एक बाटली तीर्थ मिळालं.

शेवटी हात भाविकाच्या डोक्यावर आला आणि महाराजांचे डोळेच फिरले.

"टोपली! मला टोपली दिसते! घरात कोणी मीठ वाहायचं?"

खाडीपट्ट्यातल्या बाईला हा प्रश्न विचारणं म्हणजे माशाला पोहता येतं का विचारणं. पण हौसाने हात जोडले. "माझी सासू, महाराज. आणि मी."

"सासू गेली, पण तिची टोपली खाली उतरलीच नाही! नातीने मीठ सोडून कंपनीची चाकरी धरली, म्हणून टोपली नातीच्या डोक्यावर येऊन बसली. बघा केस कसे दबलेत!"

हौसाच्या डोळ्यांना धार लागली. सासू खरंच शेवटच्या हंगामात, टोपली डोक्यावर असतानाच मिठागराच्या बांधावर कोसळली होती. हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. पण त्या वेळी हौसाला वाटलं, हे एकट्या देवाला आणि महाराजांना ठाऊक आहे.

उपाय सांगितला गेला. आठ दिवस प्रसादाचा शॅम्पू लावायचा, तो फुकट. पुढच्या रविवारी भार उतरवायचा. आणि तो परत बसू नये म्हणून पोरीने कंपनी सोडायची आणि रोह्याच्या आश्रमात वर्षभर सेवा करायची.

"कसली सेवा?" भाविकाने विचारलं.

"प्रसाद घोटायची. तुझं शिक्षण कसलं, केमिस्ट्रीचं ना? उत्तम. हल्ली आमचा प्रसाद फाटतो."

भाविकाने आईकडे पाहिलं. हौसा तोवर पाया पडून मोकळी झाली होती.

घरी गेल्यावर जे व्हायचं ते झालं.

"आई, दूध फाटावं तसा ज्याचा प्रसाद फाटतो, त्याच्या नादाने मी नोकरी सोडू?"

"सोमवारचा राजीनामा तेवढा लिहून ठेव. या नाय, पुढल्या सोमवारचा. भार उतरला की लगेच द्यायचा. तुझी आजी तिकडं टोपली घेऊन ताटकळत हाय आणि तुला कंपनी सुचते?"

"आजी नाही ताटकळत! माझे केस असेच आहेत, लहानपणापासून!"

"मग? लहानपणापासूनच भार हाय!"

भाविका रडली, चिडली, जेवली नाही. पण आईच्या डोळ्यांतली भीती खरी होती, आणि खऱ्या भीतीशी भांडून उपयोग नसतो हे तिला कळत होतं. आई सोमवारी स्वतः गेटवर येऊन साहेबांच्या हातात राजीनामा देईल, एवढी ती हट्टी होती. म्हणून भाविकाने मुकाट्याने प्रसाद लावायला घेतला.

प्रसाद पांढरा, दाट, श्रीखंडासारखा. तीन दिवसांत केस कपाळाला असे चिकटले की कोणीतरी डिंक लावून बसवलेत असं वाटावं. हौसा रोज सकाळी कपाळावर हात मारून घ्यायची. "बघ गो, बघ! टोपली जड व्हायला लागली!"

बुधवारी संध्याकाळी जनूकाका ओट्यावर येऊन बसले. त्यांनी भक्तिभावाने बाटलीतलं तीर्थ ओंजळीत घेतलं, डोळे मिटले, घटाघटा प्यायले. मग त्यांना ढेकर आला. ढेकरासोबत तोंडातून एक फुगा बाहेर आला, चांगला लिंबाएवढा. तो हवेत थोडा तरंगला आणि फुटला. मागून दुसरा आला.

"काका!"

"मुक्तीची लक्षणं हायत," काका घाबरून म्हणाले आणि त्यांना तिसरा आला.

भाविकाने बाटली हिसकावली आणि गच्च हलवली. फेस बुचापर्यंत आला. तिने वास घेतला. लिंबाचा रस आणि साधा, पारदर्शक, पातळ शॅम्पू. बस्स! मग तिने आतून आरसा आणला, अर्ध्या भागावर प्रसाद चोळला आणि नळाखाली धरला. मोकळ्या अर्ध्यावरून पाणी पसरून वाहिलं. प्रसादाच्या अर्ध्यावर मात्र अळूच्या पानावर राहतात तसे थेंब टिकून राहिले. कितीही धुतलं तरी थर जाईना. बाटलीतलं तीर्थ टाकून चोळलं तेव्हा कुठे तो निघाला. तो दाट प्रसाद म्हणजे खोबरेल आणि चकाकी आणणारं सिलिकॉन. राठ, कोरड्या केसांना ते मऊ करतं. बारीक आणि तेलकट केसांवर मात्र त्याचा लेप बसतो, आणि बिचारा बारीक केस त्या ओझ्याने आडवा होतो. म्हणजे महाराज आठ दिवस स्वतःच भार चढवत होते आणि रविवारी स्वतःच उतरवत होते!

काकांना तिने भरपूर पाणी पाजून तालुक्याच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, काही होणार नाही, पण तीर्थाची चव घेत जाऊ नका. आईला मात्र तिने काही सांगितलं नाही. सांगून पटणार नव्हतं. दाखवायला हवं होतं.

गुरुवारपासून तिने एकच केलं. डोक्याच्या मधोमध भांग पाडला. डाव्या बाजूला रोज प्रसाद. उजव्या बाजूला बाजारातला साधा, पारदर्शक शॅम्पू, आणि तेल अजिबात नाही. उजवी बाजू वाळवताना पंख्याखाली मान खाली घालून बसायची. आणि दिवसभर डोक्यावर ओढणी.

रविवारी हॉल पुन्हा भरला. भाविका स्टेजवर चढली तेव्हा भजन चालू होतं, हरेश तांब्या घेऊन तयार होता.

"सोड ओढणी, बाळ. दाखव जगाला तुझा भार!"

भाविकाने ओढणी काढली.

डावीकडे केस गालाला चिकटलेले, उजवीकडे फुललेले, कानावरून भुरभुरणारे. मागच्या रांगेतून कोणीतरी पोट धरून हसलं. हरेशच्या हातातून तांब्या खाली पडला.

"महाराज," भाविका माइकजवळ जाऊन म्हणाली, "आजी एकच, डोकं एकच. मग उजवीकडचा भार कोणी उतरवला?"

महाराजांच्या कपाळाला घाम आला. पण गडी तयारीचा होता. "हा! हेच तर गूढ! तुझी आजी," त्यांनी डोळे मिटले, "तुझी आजी टोपली डाव्या अंगाला कलती धरायची! म्हणून भार डावीकडेच आला!"

लोकांनी माना डोलवल्या. बघा, आजीची सवयसुद्धा महाराजांना दिसते! आता हसणाराही हसेना. भाविकाने आईकडे पाहिलं. एवढं करून गेलं का सगळं पाण्यात?

आणि तेव्हा हौसा उठली.

"काय म्हणालात, महाराज? कलती?"

"हो, माउली. डाव्या अंगाला."

"मिठाची टोपली?"

"मिठाचीच."

हौसा स्टेजच्या पायऱ्या चढून वर आली. तिने पदर कमरेला खोचला, डोक्यावर हात ठेवून हवेतच चुंबळ बसवून दाखवली. "अवो, चुंबळ मधोमध, टोपली मधोमध, मान ताठ! बोटभर कलली तर मीठ सांडतं, पाय घसरतो, बाई बांधावरून खाली खाजणाच्या चिखलात जाते. माझ्या सासूनं चाळीस वर्षं मीठ वाहिलं, एक दाणा सांडला नाय! आणि तुमी म्हणता कलती? तुमी माझ्या सासूला बघितलंच नाय. तुमी टोपलीसुद्धा बघितली नाय!"

हॉलमधल्या निम्म्या बाया मिठागरावर गेलेल्या होत्या. "व्हय गो, खरं हाय!" "कलती कोण धरंल?" असा कल्ला सुरू झाला. महाराजांनी घाईने शंख उचलला. "वायुदेव! वायुदेव निवाडा करतील!" भजनाचा आवाज वाढला. हौसाने पुढे होऊन शंखावरच्या झेंडूच्या माळा ओढल्या. आतून काळी वायर निघाली. वायर महाराजांच्या आसनाखाली गेली होती, आसनाखालून बोर्डाला. जनूकाकांनी पहिल्या रांगेतून उठून बटण बंद केलं. मारुतीरायाचा बाप जागच्या जागी गप्प झाला.

हौसाने शंखात हात घातला आणि केस वाळवायचं गुलाबी मशीन बाहेर काढलं.

मग काय विचारता! भाविकाने भजन बंद करायला लावलं आणि माइक घेतला. प्रसादात काय, तीर्थात काय, हे सगळं सांगितलं. मान खाली घालून वाळवले तर कोणाचेही बारीक केस मुळापासून उभे राहतात, हे सांगितलं. राठ केसांची बाई पुण्यवान का ठरते, तर तिच्यावर प्रसाद चालत नाही म्हणून, हेही सांगितलं. "खोटं वाटत असेल तर घरी करून बघा," ती म्हणाली. "अर्धं डोकं असं, अर्धं डोकं तसं. मी सांगते म्हणून मानू नका. महाराज सांगतात म्हणून तर नकोच." महाराज त्या वेळी मागच्या दाराने, वधूच्या खोलीतून, गाडीकडे निघाले होते. पण कार्यालयाच्या मालकाने पोलिसांना फोन लावला होता आणि गाडीपुढे चपलांचा ढीग होता.

हौसा मात्र स्टेजवरच बसून रडत होती. भाविका तिच्या शेजारी टेकली.

"आई, आजीचं कशाला मनाला लावून घेतेस?"

"आजीचं नाय गो," हौसा नाक पुसत म्हणाली. "वीस वर्षं डोक्यावरून खारं पाणी गळायचं, डोळ्यांत जायचं. दर खेपेला म्हणायची, ही टोपली माझ्या पोरीच्या डोक्यावर येणार नाय. आणि आज मीच ती तुझ्या डोक्यावर ठेवत होते. त्या मेल्याचं ऐकून!"

ती ताडकन उठली. बायांचा घोळका अजून स्टेजखाली उभा होता, कोणाच्या हातात प्रसादाची डबी, कोणाच्या हातात नारळ. काही जणी अजून घुटमळत होत्या, न जाणो, थोडं तरी खरं असेल म्हणून. हौसाला माइकची गरज नव्हती. वीस वर्षं ती मिठागराच्या या टोकावरून त्या टोकाला हाका मारत आली होती.

"अगो बायांनो, देवानं डोकं दिलंय ते नुसतं दुसऱ्याच्या पायावर टेकवायला नाय! पोरीचे केस चपटे बसले तर शॅम्पू बदला. तिची नोकरी कशाला सोडायला लावता?"