दाराची बॅटरी

हातातला पुठ्ठ्यांचा गठ्ठा नागूबाईनं धाडकन आपटला. शिडीवर चढून दाराच्या कुलपाला बॅटरी जोडणारा तिचा भाचा सिदू दचकला, पण त्यानं मान वळवली नाही.

"सख्ख्या मावशीला कोंडायला आलास व्हय रं?"

"मालकाचं काम हाय, मावशी."

तेरखेड्याच्या त्या शेडात बाया फटाके डब्यांत भरायच्या. माल चोरीला जातो म्हणून मालक कृष्णराजनं दाराला चुंबकाचं कुलूप बसवलं होतं. चौकटीतलं चुंबक विजेवर चाले आणि दाराची लोखंडी पट्टी धरून ठेवी. ते सुटायचं कार्डानं, आणि कार्ड एकच, मालकाच्या खिशात. वीज गेली की मात्र पकड सुटे. पोळ्याच्या सुमारास कोपऱ्यात ठिणगी पडली, तेव्हा नेमकी वीज गेलेली होती, म्हणून सगळ्या जणी जिवंत बाहेर आल्या. यावरून मालकानं काय शिकावं? तर वीज गेली तरी दार उघडता कामा नये! नागूबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. त्यात हे काम करायला तिच्याच हातचं खाऊन वाढलेला पोरगा यावा, हे तिला जास्त झोंबत होतं.

सिदू खाली उतरला. "झालं, मालक. लाईट जाऊ द्या, दार हलायचं न्हाय. फकस्त ती पट्टी पुसत चला. मधी पुठ्ठा आला तरी पकड जाती. दारावरचा दिवा आपला जळतच ऱ्हातो, कळत बी न्हाय."

"इथं कोण पुठ्ठा लावतंय?" मालक हसला.

"मधी पुठ्ठा न्हाय आला पायजे," सिदू पुन्हा म्हणाला, जरा मोठ्यानं.

"माझ्या दारात जेवायला येऊ नगंस," नागूबाई कडाडली.

तो हत्यारांची पिशवी उचलून निघून गेला. शिडी तिथंच राहिली.

दुपारी जेवणाच्या सुट्टीला मालकानं दार उघडलं. बाया लिंबाखाली भाकरीची फडकी सोडून बसल्या. नागूबाई घास हातात धरून कितीतरी वेळ त्या शिडीकडे बघत होती. मग ती उठली आणि डबे चिकटवायच्या खळीचं भांडं घेऊन आत गेली.

संध्याकाळी वीज गेली. पंखे थांबले, दारावरचा हिरवा दिवा जळतच राहिला. मालकानं आपल्या खोलीच्या खिडकीतून तो पाहिला आणि समाधानानं फोनवर बोलायला लागला.

नागूबाईनं दाराला खांदा लावला. दार उघडलं. बाहेरचं वारं आत आलं. तिनं दार हळूच ओढून घेतलं आणि शेजारच्या शांताक्काकडे वळली.

"जाता जाता त्या मेल्या सिद्याला सांग, शिव्या खायला ये म्हणावं. अन् जेवायला बी."